डोळा आणि पारख



वसंत व्याख्यानमालेत कोणत्या विषयांवर बोलावे, याबद्दल आपल्या सर्वांच्या मनात काही कल्पना ठरलेल्या असतात. संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, आरोग्य हे मानाचे विषय. पैठणच्या इतक्या जवळ असलेल्या गावात तर नाथमहाराजांचे नाव घेतल्यावाचून व्याख्यानमालेला शोभाच येत नाही. अशा थोर मंडळींच्या पंक्तीला आम्ही आज कुंडीतल्या मनी प्लांटला आणून बसविणार आहोत. विषय ऐकून काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते आम्हाला येथून दिसले. त्या स्मिताबद्दल आमची तक्रार नाही. पण तासाभराने तेच श्रोते घरी जाऊन खिडकीतली ती बाटली एकदा निरखून पाहतील, अशी आमची आशा आहे.

हा विषय बिडकीनला का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गावाच्या वेशीवरच आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रासाठी येथली हजारो एकर जमीन घेतली गेली आणि 2024 च्या सप्टेंबरात बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण झाले. ज्यांच्या घरी बैलजोडी होती, त्यांच्या घरी आता गॅलरी आहे. शेत गेले, पण हिरव्या पानाची ओढ गेली नाही. ती ओढ मग ग्रिलला टांगलेल्या कुंडीत, नाही तर पाण्याच्या बाटलीत जाऊन बसते. ज्या हातांनी कापूस वेचला आणि मोसंबीची छाटणी केली, ते हात आता वीतभर वेलीची निगा राखतात. तेव्हा या वेलीकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर काय दिसते, हे सांगणे आम्हाला अस्थानी वाटत नाही.

प्रथम वेलीची ओळख करून घेऊ. नाव इंग्रजी आणि घरोघरी वास्तव्य, यावरून ही कोठून तरी आलेली पाहुणी आहे, हे उघडच आहे. तिचे मूळ घर प्रशांत महासागरात आहे. ताहितीजवळ मोरेआ नावाचे लहानसे बेट आहे, तेथली ही रहिवासी. तेथे ती झाडाच्या खोडाला हवाई मुळांनी धरून चढते आणि वर गेल्यावर तिचे पान हातभराहून मोठे, कडेने फाटलेले असे होते. आपल्या घरी ती खाली लोंबते, म्हणून पान लहान राहते. वेल चढली की पान वाढते आणि लोंबली की आखडते, हा तिचा स्वभाव आहे. कोकणात आंब्याफणसाच्या खोडावर चढलेला मनी प्लांट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही.

शास्त्रज्ञांनी 1880 साली तिला पहिले नाव दिले. त्यानंतर तिची नावे इतक्यांदा बदलली, की एखाद्या सासुरवाशिणीची बदलली नसतील. पोथॉस झाले, सिंडॅप्सस झाले, 1962 साली ऱ्हाफिडोफोरा झाले आणि 1964 साली एपिप्रेम्नम ऑरियम हे आजचे नाव ठरले. वनस्पतीचे कूळ मुख्यतः फुलावरून ठरते, आणि ही बाई काही केल्या फुलत नाही! फूलच नाही तर गोत्र सांगणार कसे? 1962 च्या सुमारास फुलोरा अभ्यासावयास मिळाला, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांना पत्ता लागू लागला.

ती का फुलत नाही, याचे उत्तर मात्र बरेच उशिरा मिळाले. 2016 साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की झाडाच्या शरीरात जिबरेलिन नावाचे जे वाढीचे द्रव्य तयार व्हावे लागते, ते या वेलीत पुरेसे तयार होत नाही. ते द्रव्य तयार करण्याच्या साखळीतील एक जनुक आपले काम करीत नाही. बाहेरून जिबरेलिन दिले तर ही वेल फुलते. आपल्यापैकी जे द्राक्ष बागायतदार असतील त्यांना हा पदार्थ नवा नाही. घड लांबविण्यासाठी आणि मणी फुगविण्यासाठी ज्याला आपण ‘जी. ए.’ म्हणतो, तोच हा.

आता यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. फूल नाही म्हणजे परागण नाही, परागण नाही म्हणजे बी नाही. गव्हाची, कापसाची, ज्वारीची नवी जात काढावयाची तर दोन जातींचा संकर करतात आणि त्यांच्या संततीतून हवी ती निवडतात. मनी प्लांटच्या बाबतीत तो दरवाजाच बंद. आपल्या घरची वेल शेजारणीच्या वेलीचा तुकडा, शेजारणीची वेल तिच्या बहिणीकडच्या वेलीचा तुकडा, असे मागे मागे जात राहिले तर जगातले असंख्य मनी प्लांट हे मोजक्याच वेलींचे तुकडे ठरतात. पिढी बदलतच नाही. तेच एक आयुष्य लांबत जाते.

मग बाजारात या वेलीचे नवे नवे प्रकार दिसतात ते कोठून आले? पिवळे शिंतोडे असलेला आपल्या ओळखीचा. हिरव्यापांढऱ्या संगमरवरी पानांचा ‘मार्बल क्वीन’. पोपटी रंगाचा ‘निऑन’. आणि अलीकडे रोपवाटिकांतून हमखास दिसणारे ‘एन्जॉय’ आणि ‘मंजुळा’ हे दोन. बी नसताना ही संतती झाली कशी?

याचे उत्तर समजण्यासाठी आपल्याला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. पैठण-अंबडच्या पट्ट्यात मोसंबीच्या बागा आहेत. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असेल. एका डोळ्यातून सबंध झाड उभे राहते. म्हणजे त्या डोळ्यात जे आहे, तेच झाडात उतरते. आता समजा, हजारो डोळ्यांपैकी एखाद्या डोळ्यातच काही फरक पडला. वाढत्या टोकाच्या पेशी सतत दुभंगत असतात, आणि दुभंगताना क्वचित एखाद्या पेशीतील जनुकात चूक होते. त्या चुकलेल्या पेशीपासून पुढच्या पेशी होतात, त्यांचा एक पदर तयार होतो, आणि त्या डोळ्यातून निघालेली फांदी मूळ झाडापेक्षा वेगळी दिसते. पान वेगळे, रंग वेगळा, फळाचा आकार वेगळा. याला शास्त्रात कलिका-उत्परिवर्तन म्हणतात. ती फांदी वेगळी काढून तिचेच कलम केले, की नवी जात झाली.

महाराष्ट्राच्या शेतीला हा चमत्कार अनोळखी नाही. थॉम्सन सीडलेस ही मूळची परदेशी द्राक्षाची जात. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी तिच्यातील वेगळी वेल हेरली आणि त्यातून ‘तास-ए-गणेश’ आली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी त्याच थॉम्सनच्या बागेतील लांब मण्याची वेल निवडली आणि ‘सोनाका’ आली. या दोघांनी संकर केला नाही. बागेतून रोज हिंडताना जे इतरांच्याही डोळ्यांसमोर असते, ते त्यांना वेगळे म्हणून दिसले. वेलीच्या डोळ्यात बदल होतो तो निसर्गाने; तो ओळखावा लागतो माणसाच्या डोळ्याने. या दोन डोळ्यांची गाठ पडल्याखेरीज नवी जात जन्माला येत नाही, हेच आम्हाला आज सांगावयाचे आहे.

मनी प्लांटची गोष्ट नेमकी हीच, आणि ती आपल्याच राज्यातली आहे. ‘एन्जॉय’ आणि ‘मंजुळा’ या दोन्ही जाती मुंबईचे आशीष अरविंद हंसोटी यांच्या नावावर आहेत. ‘एन्जॉय’ हे ‘मार्बल क्वीन’मधून निघालेले उत्परिवर्तन. ‘मार्बल क्वीन’च्या पानावर पांढरा रंग शिंपडल्यासारखा सर्वत्र विखुरलेला असतो. ‘एन्जॉय’चे पान लहान, आणि त्यावर पांढरा व हिरवा रंग ठळक ठिगळांनी वेगवेगळा बसलेला. ‘मंजुळा’चे पान त्याहून रुंद, बदामी आकाराचे, कडेला लाटेसारखे मुरडलेले, त्यात हिरवा, फिका हिरवा, मलईसारखा आणि पांढरा असे रंग एकमेकांत मिसळलेले. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने 2016 साली तिचे पेटंट दिले. त्या कागदावर जातीचे नाव ‘हंसोटी 14’ असे आहे. ‘मंजुळा’ हे तिचे बाजारातले नाव. विक्रीच्या जाहिरातींत या जातीचे श्रेय कधी कधी फ्लोरिडा विद्यापीठाला दिलेले आढळते. पेटंटाच्या कागदावर मात्र मुंबईकराचे नाव आहे. आपल्याकडची वस्तू परदेशातून फिरून आली की आपण तिला परदेशी समजतो, ही आपली जुनीच खोड आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘अहो, यात कर्तबगारी ती कसली? निसर्गाने आयते दिले आणि याने उचलले!’ आम्ही या शंकेला क्षुल्लक समजत नाही. पण रोपवाटिकेत काय चालते, ते ध्यानात घ्या. एका जातीची हजारो रोपे रांगेत उभी असतात आणि सर्व सारखी असावीत हीच गिऱ्हाइकाची मागणी असते. त्यात एखादे वेगळे निघाले, तर कामगार ते ‘बिघडलेले’ म्हणून उपटून टाकतो. त्याच्या दृष्टीने तेच बरोबर. उपटण्यापूर्वी ज्याचा हात थांबतो, त्याची पारख मोठी. आणि हात थांबून भागत नाही. ते रोप वेगळे लावावे लागते, त्याच्या छाटांपासून रोपे करावी लागतात, त्या रोपांच्या छाटांपासून पुन्हा रोपे करावी लागतात, आणि प्रत्येक पिढीत तोच रंग, तोच आकार येतो की नाही हे पाहावे लागते. आला नाही तर सगळी वर्षे वाया. आला तर नाव द्यावयाचे. अशा माणसाने निवडलेल्या आणि टिकविलेल्या वाणाला लिबर्टी हाइड बेली या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1923 साली ‘कल्टिव्हर’ असा शब्द दिला. लागवडीतला वाण, असा त्याचा सरळ अर्थ.

पारखीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या विदर्भात होऊन गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे हे अगदी थोड्या जमिनीचे धनी. 1983 साली त्यांच्या धानाच्या शेतात ‘पटेल 3’ या जातीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढल्या हंगामात पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून बारीक दाण्याचा ‘एचएमटी’ तांदूळ आला. घड्याळाच्या नावावरून त्याला हे नाव पडले. तो तांदूळ दूरवर पसरला, पण त्यांचे नाव त्याच्यामागून बऱ्याच काळाने गेले. 2005 साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला आणि 2018 साली ते वारले. बोरगाव, नान्नज, नांदेड, मुंबई. ठिकाणे निराळी, पीक निराळे, पण कृती एकच.

आता पेटंटाचा विषय निघालाच आहे, तर एका घरगुती वादाला हात घालू. मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो आणि पैसा आणतो, अशी आपल्या आयाबहिणींची पक्की समजूत आहे. शेजारणीच्या कुंडीतली फांदी तिच्या नकळत खुडावयाची, आणि शेजारणीनेही ते पाहून न पाहिल्यासारखे करावयाचे, असा हा प्रेमळ अपराध! या समजुतीमुळे एक गोष्ट मात्र चांगली झाली: ही वेल गरिबाश्रीमंतांच्या घरी सारखीच पोहोचली. छाट फुकट आणि बाटली जुनी, खर्च शून्य.

अमेरिकेचा कायदा याच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. तेथे 1930 साली कलमांनी वाढणाऱ्या झाडांना पेटंट देण्याचा कायदा झाला. पुढल्याच वर्षी पहिले पेटंट मिळाले ते ‘न्यू डॉन’ या वेलगुलाबाला, आणि गंमत अशी, की तोही जुन्या गुलाबाच्या अशाच बदललेल्या फांदीतून आलेला होता. आजच्या नियमाने अर्ज केल्यापासून 20 वर्षेपर्यंत त्या जातीच्या छाटांपासून रोपे करण्याचा हक्क पेटंटधारकाचा. इतरांनी त्याच्या परवानगीवाचून करावयाची नाहीत. हा हक्क ज्या देशात घेतला त्याच देशापुरता असतो, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या देशाने वाट वेगळी धरली. आपल्या पेटंट कायद्यानुसार वनस्पतीला पेटंट मिळत नाही. त्याऐवजी 2001 साली ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा’ झाला. सरकारने अधिसूचित केलेल्या पिकांतील नव्या वाणाची त्यात नोंद होते. वाण वेगळा आहे का, एकसारखा येतो का, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो का, हे तपासतात. नोंद झाली तर शोधणाऱ्याला ठराविक वर्षांचा हक्क मिळतो. पण त्याच कायद्यात शेतकऱ्याने आपल्या शेतातले बी राखावे, पेरावे, देवघेव करावी, विकावे, हा हक्कही शाबूत ठेवलेला आहे. फक्त ते नावाच्या शिक्क्याने, पिशवीबंद करून विकावयाचे नाही. आणि शेतकऱ्याने स्वतः शोधलेला वाण त्याच्या नावावर नोंदविण्याची सोय आहे. ती सोय खोब्रागड्यांसारख्यांच्या कामाची आहे, आणि खेड्यापाड्यांत ती पुरती ठाऊक नाही, म्हणून आम्ही हा तपशील मुद्दाम सांगितला.

आमचे मत विचाराल तर ते असे आहे. शेजारणीने शेजारणीला दिलेली फांदी हा व्यवहार नव्हे, तो घरोबा आहे; तो बंद पडला तर गाव ओसाड होईल. पण दुसऱ्याने पारखलेल्या जातीची हजारो रोपे करून त्याचे नाव पुसून विकणे हा घरोबा नव्हे. घरची खिडकी आणि धंद्याची रोपवाटिका, यांच्यामध्ये रेघ ओढावी आणि ती कायद्याच्या भीतीने नव्हे, तर श्रमाच्या कदरीने ओढावी. तास-ए-गणेश खाताना आर्व्यांचे नाव घेतल्याने द्राक्ष महाग होत नाही.

आता थोडे व्यवहाराचे बोलू, नाही तर गृहिणी म्हणतील, भाषण झाले पण वेल कशी जगवावी ते राहिलेच. पानातले हरितद्रव्य म्हणजे वेलीचे स्वयंपाकघर. पांढऱ्या भागात ते नाही. तो भाग हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. म्हणून ‘एन्जॉय’ आणि ‘मंजुळा’ साध्या वेलीपेक्षा सावकाश वाढतात. त्यांना भरपूर उजेड हवा, पण आपल्याकडचे चैत्र-वैशाखाचे ऊन थेट लागले तर पांढरा भाग तपकिरी होऊन करपतो. पूर्वेच्या खिडकीतला कोवळा उजेड उत्तम. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे; ही वेल तहानेने कमी आणि पाण्यात बुडून जास्त मरते. छाट घेताना पेर असलीच पाहिजे, कारण नवा कोंभ पेराच्या डोळ्यातूनच फुटतो.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. या रंगीत वेलीला मधूनच एखादी निव्वळ हिरवी फांदी फुटते. ती जोमदार दिसते, म्हणून आपण खूश होतो आणि तिला वाढू देतो. हिरवी फांदी कमावती. ती भराभर वाढते आणि काही काळाने सगळी कुंडी हिरवी होते. मग आपण म्हणतो, दुकानदाराने फसविले. त्याने फसविलेले नसते. निसर्गाने जसे एका डोळ्यात दिले, तसे तो दुसऱ्या डोळ्यात परत घेतो. ती हिरवी फांदी वेळीच खालच्या रंगीत पानापर्यंत छाटावी लागते. जात एकदा सापडली म्हणजे संपले, असे नाही. ती दररोज निवडावी लागते.

दोन सावधगिरीच्या सूचना. या वेलीच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते, सूज येते. तेव्हा रांगत्या मुलापासून आणि दावणीतल्या वासरापासून ती दूर टांगावी. दुसरे असे, की ही वेल खोलीतली हवा शुद्ध करते, असे पुष्कळदा ऐकावयास मिळते. त्याचा आधार ‘नासा’चा 1989 चा एक प्रयोग. तो बंद पेटीत केलेला होता. 2019 साली अशा सर्व प्रयोगांचा आढावा घेण्यात आला तेव्हा असे दिसले, की उघडझाप असलेल्या घरात खिडकीतून जितकी हवा बदलते तितके काम झाडांकडून करवून घ्यावयाचे तर दर चौरस मीटरला कमीत कमी दहा झाडे लागतील. म्हणजे घरात माणसाला राहावयास जागा उरणार नाही! वेल शोभेसाठी ठेवा, मनाला बरे वाटते म्हणून ठेवा. हवेसाठी खिडकी उघडा.

बंधुभगिनींनो, बिडकीनच्या परिसरात पुढील काळात कारखाने येतील, घरे वाढतील, आणि घरांना लागणारी शोभेची झाडेही वाढतील. ती सारी पुण्यामुंबईच्या गाड्यांतूनच यावीत, असा काही ईश्वरी नियम नाही. येथल्या मुलामुलींना कलम बांधता येते, डोळा भरता येतो, पाण्याची किंमत कळते. शेडनेट उभारून रोपवाटिका चालविणे हे त्यांच्या हातचे काम आहे. मात्र रोपे विकत असताना रोजचा अर्धा तास नुसते पाहण्यासाठी ठेवावा, आणि जवळ एक साधी वही ठेवावी. रांगेत वेगळे रोप दिसले की ते उपटण्यापूर्वी तारीख लिहावी, कोणत्या कुंडीतले ते लिहावे, पानाचे चित्र काढावे, आणि छाट वेगळी लावावी. दहांतल्या नऊ वेळा काही निष्पन्न होणार नाही. त्या वहीला काही खर्च येत नाही, आणि दहाव्या वेळी तीच वही पुरावा म्हणून पुढे ठेवता येते.

जमीन मोजून देता येते, विकता येते, जाते. पारख विकली जात नाही. ती ज्याच्या डोळ्यात आहे त्याच्याबरोबर गॅलरीतही येते. ती आपल्याकडे अजून आहे, असा आमचा विश्वास आहे.